मराठी विकिपीडियावरच्या क्रीडालेखांचं परीक्षण – खाशाबांच्या लेखापासून सुरुवात करूया का?

मैदानी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांवर मराठी विकिपीडियासाठी एक मोठा मसुदा लिहून मी माझ्या धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या कच्च्या लिखाणाच्या पानावर) ठेवला आहे. १५ जानेवारीला त्यांची जयंती. आता तो दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. शाळाशाळांतून भाषणं होतील आणि मुलं विकिपीडिया उघडून जे दिसेल ते वहीत उतरवून घेतील. त्याआधी हा मसुदा कुणीतरी भीडभाड न ठेवता तपासावा अशी इच्छा आहे.

इंग्रजी विकिपीडियात यासाठी रीतसर व्यवस्था आहे. 'चांगला लेख' ठरवायला लेखाशी संबंध नसलेला एक परीक्षक बसतो आणि सहा गोष्टी बघतो: लिखाण नेटकं आहे का, प्रत्येक विधान पडताळता येतं का, विषयाचा आवाका आला का, तटस्थपणा आहे का, लेखावर संपादनयुद्ध (एकमेकांचे बदल सतत उलटवणं) चालू नाही ना आणि चित्रं योग्य परवान्याची आहेत का. त्याच्या वरच्या पायरीला, म्हणजे निवडक लेखाला, अनेक जण मिळून उलटतपासणी घेतात. आपल्याकडे मुखपृष्ठ सदरासाठी, म्हणजे मुखपृष्ठावर झळकवायचा लेख निवडायला, कौल असतो, पण सक्रिय संपादकच मोजके. 'पाठिंबा' लिहून सही करणारे भेटतात, संदर्भ उघडून ओळ न् ओळ ताडून बघायला वेळ असलेले कमी.

माझं मत स्पष्ट सांगतो. क्रीडालेखात दोन गोष्टी सगळ्यात जास्त बिघडतात, आकडे आणि आख्यायिका. या दोन्हींना संदर्भ नसेल तर परीक्षकाने लेख परत पाठवावा, खेळाडू कितीही लाडका असो.

मसुद्यात मी तीन ठिकाणी अडलो आहे. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत सगळीकडे वाचायला मिळते, पण जो तो दुसऱ्याचं वाचून लिहितो. दुसरं, एका लांबलेल्या कुस्तीनंतर नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती न देता त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उतरवलं आणि दाद मागायला भारतीय अधिकारी जागेवर नव्हता, ही गोष्ट. तिसरं, मरणोत्तर अर्जुन पुरस्काराचं वर्ष काही ठिकाणी २००० दिसतं, काही ठिकाणी २००१.

काय ठेवू, काय काढू?

कृष्णाकाठ

मी कराडकडचा. खाशाबांचं गाव गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. घर गहाण ठेवल्याची गोष्ट काढलीत तर लेखातला जीवच जाईल. आमच्या भागात ती प्रत्येक घरात सांगतात. त्या काळात सरकारने हात आखडता घेतला आणि माणसांनी वर्गणी काढून पोरगा ऑलिम्पिकला पाठवला, हा त्या पदकाचा अर्धा अर्थ आहे. कागद नसला म्हणून घडलेलं खोटं होत नाही.

वाचनमात्र

वाचतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

आकडेमोडे

मसुदा वाचला. गहाणखतापेक्षा मोठी अडचण मला दुसरीच दिसली. तुम्ही लिहिलंय, 'उपांत्य फेरीत पराभूत झाल्याने त्यांना कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं.' १९५२ च्या कुस्तीत आजच्यासारखी बाद फेरी नव्हतीच. दोषगुणांची पद्धत होती. चीतपट करून जिंकलात तर दोषगुण नाही, पंचांच्या कौलावर जिंकलात तर थोडे, हरलात तर जास्त. ठरावीक दोषगुण साचले की मल्ल बाहेर. शेवटी उरलेल्यांचा आपसातला हिशेब करून पदकं ठरायची. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. ते हरले जपानच्या शोहाची इशीई आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून, आणि ते दोघे अनुक्रमे सुवर्ण आणि रौप्य घेऊन गेले. म्हणजे पदक मिळवणाऱ्या दोघांशिवाय त्यांना कुणी हरवलं नाही. 'उपांत्य फेरी' या दोन शब्दांनी तुम्ही त्यांची कामगिरी कमी करून सांगताय.

आणि 'भारताचं पहिलं वैयक्तिक पदक' हेही तसंच ठेवू नका. 'स्वतंत्र भारताचं' असं हवं. नॉर्मन प्रिचर्डने १९०० साली पॅरिसला २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत दोन रौप्यपदकं मिळवली आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ती भारताच्या नावावर धरते. अ‍ॅथलेटिक्सवाल्यांच्या काही नोंदींत तो ब्रिटनचा आहे. तो वाद एका वाक्यात तळटीपेत टाका, लेखात पसरू देऊ नका.

लाल_माती

आकडेमोडे, मानलं राव तुम्हाला. एवढं तर आमच्या तालमीतबी कुणी सांगितलं नव्हतं.

माझं एक म्हणणं आहे. मसुद्यात ढाक डावाचं वर्णन 'प्रतिस्पर्ध्यास उचलून आपटणे' असं केलंय. असं कसं चालंल? ढाकेत मान कवेत घ्यायची, अंगाला अंग भिडवायचं आणि मग फेकायचं. खाशाबांचा तो हुकमी डाव. उचलून आपटणं कुणालाबी जमंल, अंगात ताकद पायजे फक्त. डावाचं वर्णन तपासायला वस्तादच पायजे, व्याकरणवाला न्हाई. परीक्षकाला एकदा हौद्यात, म्हंजी तालमीतल्या लाल मातीच्या आखाड्यात, उतरवा, मग कौल घ्या.

आणि ते मॅटचं लिवा की. १९४८ ला लंडनला गेले तवा मातीतला पैलवान पहिल्यांदाच मॅटवर एवढ्या मोठ्या स्पर्धेत उतरला. तिथं अमेरिकेच्या रीस गार्डनरनं त्यांना शिकवलं. फ्लायवेटमधी सहावा नंबर आला. चार वर्षांनी वजनगट बदलून बँटमवेटला, ५७ किलोत, पदक. मधल्या चार वर्षांत काय केलं हे मसुद्यात एका ओळीत उरकलंय. खरी मेहनत तिथंच हाय.

सहीशिक्का

मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं संपादन करतो आहे, म्हणून थोडं सविस्तर.

कृष्णाकाठ यांचा मुद्दा मनापासून पटतो, तरी विश्वकोशात 'घडलं' आणि 'असं सांगितलं जातं' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. हकीकत काढू नका, तिला मालक द्या. कुणी सांगितली, कधी छापून आली? कुटुंबीयांच्या मुलाखतीत असेल तर 'कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार'. १९५२-५३ च्या कॉलेजच्या वार्षिक नियतकालिकात उल्लेख सापडला तर फारच उत्तम, तो काळाच्या सर्वांत जवळचा पुरावा. विश्रांतीच्या गोष्टीलाही हाच नियम. तिथे शिवाय एक जास्तीची पायरी आहे: त्या वेळच्या नियमावलीत अर्ध्या तासाची अट खरोखर होती का, हे वेगळं तपासा. नियम एका संदर्भाने सिद्ध होईल, तो मोडला गेला हे दुसऱ्या. दोन्ही एकाच लेखावर टेकवू नका.

अर्जुनच्या वर्षाबद्दल: पुरस्कार कोणत्या वर्षासाठीचा आणि समारंभ कधी झाला, या दोन तारखांची गल्लत क्रीडालेखांत नेहमी होते. क्रीडा मंत्रालयाची यादी प्रमाण माना.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परीक्षण करताना 'आजवर', 'सध्या', 'एकमेव', 'अद्याप अबाधित' हे शब्द शोधायचे आणि प्रत्येकापुढे तारीख मागायची. 'वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारे महाराष्ट्राचे एकमेव खेळाडू' हे वाक्य बहात्तर वर्षं खरं होतं. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं आणि त्या दुपारी ते वाक्य खोटं झालं. मैदानी, तुमच्या मसुद्याच्या तिसऱ्या परिच्छेदात ते अजून आहे.

मैदानी

@सहीशिक्का, खरंच आहे. काढलं. आकडेमोडे, दोषगुणांचा परिच्छेद नव्याने लिहितो. लाल_माती, ढाकेचं वर्णन तुम्हीच चार ओळींत लिहून द्याल का? संदर्भाला कुस्तीवरचं एखादं जुनं पुस्तक लागेल.

दादरकरीण

थोडं अवांतर, पण धाग्याला धरूनच. आख्यायिकांचं म्हणाल तर कबड्डीच्या लेखांइतकी गर्दी कुठे नसेल. 'कबड्डी चार हजार वर्षं जुनी', 'चक्रव्यूहात शिरलेला अभिमन्यू म्हणजे पहिला चढाईपटू'. ऐकायला छान, पण महाभारतात चढाई म्हणजे कबड्डी असं कुठे आहे? मी शाळेपासून कबड्डी खेळले आहे, मला या खेळाला मोठेपणा द्यायला अभिमन्यू लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या व्यायामशाळांनी आणि मंडळांनी हुतुतूला लेखी नियम दिले, त्यातून १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपर्यंत मजल गेली, हाच केवढा मोठा इतिहास आहे. लेखात मात्र पुराणाला तीन परिच्छेद आणि नियम बनवणाऱ्यांना अर्धी ओळ.

आणि '१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये कबड्डी प्रदर्शनीय खेळ होता' हे वाक्य तर सगळीकडे चिकटलंय.

अंबानगरी

चिकटलंय म्हणजे काय जी? आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची चमू बर्लिनला गेली होती, तिने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. हे काही कुणी मनाने रचलेलं नाही. मंडळाचा तो अभिमानाचा विषय आहे. मुंबई-पुण्याबाहेरचं काही मोठं घडलं की त्याला लगेच पुरावा मागायचा, हे बरं नाही.

दादरकरीण

@अंबानगरी, चमू गेली होती, प्रात्यक्षिकं झाली, यावर माझा काडीचाही आक्षेप नाही. ती लेखात ठळक हवीतच. आक्षेप 'ऑलिम्पिकमधला प्रदर्शनीय खेळ' या शब्दांना आहे. तो अधिकृत दर्जा असतो आणि १९३६ ला तो दोनच खेळांना होता, बेसबॉल आणि ग्लायडिंग. आपली मंडळी ऑलिम्पिकच्या काळात बर्लिनमध्ये खेळ दाखवून आली, पण स्पर्धेच्या अधिकृत कार्यक्रमात कबड्डी नव्हती. दोन्ही वाक्यं शेजारी लिहिली तर मंडळाचा मान तसूभरही कमी होत नाही. उलट, एका व्यायामशाळेने त्या काळात एवढा प्रवास करून हे केलं, ही खरी बाब उठून दिसते.

अंबानगरी

असं सांगितलं तर पटतं. बेसबॉल आणि ग्लायडिंगचं मला माहीत नव्हतं. मग मंडळाच्या जुन्या अहवालातून त्या प्रात्यक्षिकांचं वर्णन मिळतं का ते बघतो.

आकडेमोडे

कबड्डीचं निघालंच आहे तर एक धोका सांगून ठेवतो. विकिपीडियावर बिनसंदर्भाचं वाक्य पडतं. ते बघून एखादा वार्ताहर बातमीत घालतो. दोन वर्षांनी कुणीतरी तीच बातमी संदर्भ म्हणून त्याच वाक्याला जोडतं, आणि मग ते हलवणं फार कठीण. परीक्षकाने लेखाच्या 'इतिहास' पानावर जाऊन बघावं की वाक्य आधी आलं की बातमी. हे करायला पाच मिनिटं लागतात आणि फारसं कुणी करत नाही.

भाऊसाहेब निंबाळकरांच्या ४४३ धावांचंही असंच आहे. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ ला नऊ धावा कमी आणि समोरच्या संघाने खेळायलाच नकार देऊन सामना सोडला. एवढं धावफलक आणि त्या वेळच्या नोंदींवरून ठाम सांगता येतं. पण काठियावाडचे कर्णधार असलेल्या राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी नक्की काय म्हटलं, याचे संवाद प्रत्येक लेखात वेगळे! अवतरणचिन्हात घातलेला प्रत्येक संवाद परीक्षकाने संशयाने बघावा. आणि 'प्रथम श्रेणीतली चौथी सर्वोच्च खेळी' यालाही तारीख हवी. आज लारा, हनीफ आणि ब्रॅडमन पुढे आहेत, उद्याचं कोण सांगणार.

पाठशिवणी

सगळं वाचलं. आता थोडा विरोधी सूर.

तुम्ही सगळे अशा खेळाडूंबद्दल बोलताय ज्यांच्यावर पुस्तकं आहेत, धावफलक आहेत, ऑलिम्पिकच्या नोंदी आहेत. मी खो-खोवाली. १९१४ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि भारताचे पुरुष आणि महिला, दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात बातम्या आल्या. त्याच्या आधीच्या कित्येक पिढ्यांचं काय? राष्ट्रीय स्पर्धा गाजवलेल्या मुलींबद्दल वर्तमानपत्रात तालुक्याच्या पानावर चार ओळी, त्यातही आडनाव चुकलेलं. बाकी जे आहे ते मंडळांच्या स्मरणिकांत आणि जुन्या खेळाडूंच्या तोंडी. 'प्रत्येक आकड्याला संदर्भ, नाहीतर लेख परत' हा नियम लावलात की क्रिकेटचे लेख पास होतील आणि खो-खोचे सगळे परत जातील. मग विश्वकोशात आमचा खेळ उरेल तो फक्त नियमांच्या पानापुरता.

इंग्रजी विकिपीडियाने २०२२ मध्ये क्रीडापटूंच्या उल्लेखनीयतेचे नियम कडक केले. आधी वरच्या दर्जाचा एखादा सामना खेळलेलाही पुरे असायचा, आता नुसतं खेळणं पुरत नाही, खेळाडूविषयी भरीव लिखाण झालेलं लागतं. तर्क समजतो, हजारो दोन-ओळी लेख साचले होते. पण भरीव लिखाण कुणाबद्दल होतं, हे ठरवणारे क्रीडा संपादक आपल्याला माहीत आहेत.

लाल_माती

ताई, शंभर टक्के सहमत. गावोगावच्या पैलवानांचंबी हेच हाय.

सहीशिक्का

पाठशिवणी, या धाग्यातला सगळ्यात वजनदार प्रतिसाद. दोन प्रश्न वेगळे करतो. लेख असावा का, हा उल्लेखनीयतेचा प्रश्न. त्यात इंग्रजीचा २०२२ चा निर्णय मराठीला बांधील नाही, प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले नियम आपण ठरवतो. असलेला लेख किती चांगला, हा परीक्षणाचा प्रश्न. दुसऱ्यात कडक राहून पहिल्यात आपण उदार राहू शकतो. छोटा पण पूर्ण पडताळलेला लेख मला मोठ्या, फुगवलेल्या लेखापेक्षा केव्हाही वरचा वाटतो.

स्मरणिका: त्या निरुपयोगी नाहीत. कुणी काढली, कोणत्या साली, पृष्ठ कोणतं हे दिलं आणि साध्या वस्तुस्थितीपुरती वापरली, म्हणजे संघात कोण होतं, सामना कुठे झाला, तर चालायला हवी. 'महाराष्ट्रातील सर्वश्रेष्ठ धावपटू' असं मंडळ स्वतःच्याच खेळाडूबद्दल म्हणत असेल तर ते घेऊ नये.

पाठशिवणी

वस्तुस्थितीपुरती घ्या म्हणता, पण त्या मुलींचं श्रेष्ठपण दुसरं कुणी लिहिलेलंच नाही. तिथे मी अजून तुमच्याशी सहमत नाही.

न्यूजर्सीकर

आमच्या इथल्या मराठी शाळेत मुलांना खेळाडूंवर पाच-सहा ओळी लिहायला देतो, म्हणून या लेखांचा रोजचा ग्राहक आहे. एक सूचना. प्रत्येक लेखाला दोन परीक्षक असावेत, एक खेळ जाणणारा आणि एक अजिबात न जाणणारा. मसुद्यात 'बँटमवेट' आहे पण ५७ किलो कुठेच नाही. 'हौदा' आहे, तो काय असतो ते नाही. लाल_माती यांना हे खटकणार नाही, माझ्या वर्गातल्या मुलीने मात्र पहिल्याच ओळीत हात वर केला असता.

कृष्णाकाठ

हे आवडलं. न जाणणारा परीक्षक म्हणून माझी बायको तयार आहे, तिला कुस्तीचा मनस्वी कंटाळा आहे.

वाचनमात्र

चित्राचं कुणी बोललं नाही. खाशाबांचा पदक घातलेला फोटो कुठून घेतलाय? भारतात छायाचित्राचा प्रताधिकार प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो, पण कॉमन्सवर (विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर) चढवताना अमेरिकेतली स्थितीही बघतात. मूळ कुठे आणि कधी छापलं ते लिहिलं नाही तर चित्र उडतं.

मैदानी

वाचनमात्र, मूळ शोधतोय. सापडेपर्यंत मसुद्यातून फोटो बाजूला ठेवला आहे.

सगळ्यांचे आभार. मसुद्यात आता असं केलंय. दोषगुणांचा परिच्छेद नवा, 'उपांत्य फेरी' गेली. खर्डेकरांची हकीकत ठेवली आहे, पण 'असे सांगितले जाते' यावर न थांबता ती कुणाच्या मुलाखतीतून आली ते नोंदवलं. विश्रांतीच्या प्रसंगापुढे 'संदर्भ हवा' असा साचा मीच लावला आहे, नियमावली मिळाली की काढतो. १९४८ ते १९५२ या चार वर्षांचा वेगळा विभाग उघडला, तो अजून रिकामाच आहे.

माझं पहिलं मत पाठशिवणी यांच्यामुळे थोडं बदललं. लेख सरसकट परत पाठवू नये. ज्या वाक्याला आधार नाही ते लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर हलवावं, तिथे लोकांना संदर्भ शोधू द्यावा. म्हणजे माहिती हरवत नाही आणि वाचकाला पक्की समजून मिळतही नाही. आकड्यांबाबत मात्र मी अजून तिथेच आहे, बिनसंदर्भाचा आकडा लेखात नको.

सहीशिक्का

चर्चा पानाची कल्पना उत्तम. तिथे हलवताना वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि तारीख घाला. पुढच्या परीक्षकाला परत तीच मेहनत पडत नाही.

लाल_माती

ढाकेच्या चार ओळी वस्तादांना वाचून दाखवल्या. त्यांनी दोन जागी दुरुस्ती सांगितली. आज रात्री चर्चा पानावर टाकतो. जुनं पुस्तक आमच्या तालमीत हाय म्हणाले, मुखपृष्ठ फाटलंय, साल आतल्या पानावर मिळतंय का बघतो.

पाठशिवणी

माझ्याकडे खो-खोच्या काही जुन्या स्मरणिका आहेत. पृष्ठांचे फोटो काढून ठेवते. खाशाबांचा लेख मार्गी लागला की पुढचं परीक्षण खो-खोच्या मुख्य लेखाचं घ्यावं अशी विनंती. तिथेही महाभारत आहेच.

अंबानगरी

खो-खोला अनुमोदन. मंडळाचा अहवाल बघायला शनिवारी जातो आहे. आणखी कुणाला तिथलं काही हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कृष्णाकाठ

मैदानी, जुलै १९५२ चे मराठी वर्तमानपत्रांचे अंक कुठल्या ग्रंथालयात चाळायला मिळतील, कुणाला माहीत आहे का? पदक २३ जुलैला मिळालं. त्या आठवड्यात आणि त्याआधी ते निघाले तेव्हाच्या बातम्यांत वर्गणीचा उल्लेख असायलाच हवा. असला तर पान क्रमांकासकट आणून देतो.